नाव नसलेली बातमी

ज्या गावाच्या पेपरची पानं मी सहा वर्षं लावते आहे, ते गाव मी कधी पाहिलेलं नाही. पूर्वी मी हे हसत सांगायचे. इथे सिंगापुरात, सेंगकांगला आमच्या ब्लॉकखाली एखादं नवं मराठी कुटुंब भेटलं आणि त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता, की मी म्हणायचे, ऑस्ट्रेलियातल्या एका गावाच्या पेपरची पानं लावते, चांगी बिझनेस पार्कात बसून. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची, मलाही वाटायची. आता वाटत नाही. आता कुणी विचारलं तर मी आयटीत आहे असं सांगून मोकळी होते.

गाव तसं छोटंच. एक नदी, धान्याची उंच कोठारं, गुरांचा बाजार, एक दवाखाना, दोन शाळा आणि शनिवारचं क्रिकेट. पेपर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ज्या कंपनीचा हा पेपर, तिचंच राज्याच्या राजधानीत एक मोठं दैनिक आहे. राजधानी गावापासून गाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. पूर्वी पानं गावातच लागायची. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की पान काय, कुठेही बसून लावता येतं. तेव्हापासून बातमी गावातून येते, पान सिंगापुरात लागतं, छपाई तिसऱ्याच ठिकाणी होते आणि पेपर ट्रकने परत गावात जातो. उंटावरून शेळ्या हाकणं कसं असतं ते कुणाला बघायचं असेल, तर त्याने आमच्या मजल्यावर यावं.

गावात आमचं एकच माणूस उरलं होतं, संपादकबाई. साठी ओलांडलेल्या. बातम्या त्याच गोळा करणार, फोटो त्याच काढणार, जाहिराती त्याच आणणार, आणि पेपर वेळेत आला नाही तर दुकानदारांची बोलणीही त्याच खाणार. रोज दुपारी, आमच्या बाराच्या सुमाराला, त्यांचा फोन यायचा. पाच मिनिटं काम, बाकी गाव. कुठल्या दोन भावांचं शेताच्या कुंपणावरून वाजलंय, म्हणून त्यांचे फोटो एका पानावर नकोत. कुठल्या घरातला बाप तुरुंगातून सुटलाय, म्हणून त्या घरातल्या मुलीची शाळा कोणती ते बातमीत नको. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि फोनवरून थोडंथोडं माझ्या डोक्यात उतरत होतं. मला ते नवं नव्हतं. सांगलीला जिल्हा आवृत्तीत मी अकरा वर्षं तालुक्यांची पानं लावली होती. तिथे एका गटाचा सत्कार वर आणि दुसऱ्याचा खाली लागला, तर सकाळी दहाच्या आत कचेरीत माणसं उभी असायची.

हळूहळू राजधानीतल्या त्या शहरी दैनिकाची पानं आमच्या पेपरात घुसायला लागली. आधी एक, मग तीन, मग निम्मा पेपर. शहरातल्या ट्रामचा खोळंबा, शहरातली नवी कॉफीची दुकानं, शहरातल्या घरांच्या किमती. गावच्या क्रिकेटचे धावफलक गेले, शाळेतल्या मुलींच्या नेटबॉलचा फोटो गेला, गुरांच्या बाजाराचा जेमतेम अर्धा कॉलम उरला. वाचकांची पत्रं यायची, आमच्याकडे ट्राम नाही, आम्हाला तिच्या खोळंब्याचं काय? ही पत्रं मी मुद्दाम ठळक चौकटीत लावायचे. माझा सूड तेवढाच.

मग फोनही बंद झाला. आमचा मॅनेजर पुण्याचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. काम असलं की मी त्याची 'ताई', चूक झाली की 'मॅडम'. एके दिवशी त्याने मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि लॅपटॉपवर कसलासा आलेख दाखवला.

"ताई, रोजच्या या एका फोनमध्ये एका पानाचा वेळ जातोय. आता सगळ्या सूचना फॉर्ममधून घ्यायच्या. त्यात टिपेची चौकट आहे ना."

"चौकटीत दोन ओळी मावतात," मी म्हटलं. "त्या बाई मला गाव सांगतात."

"गाव आपल्या स्कोपमध्ये नाही, ताई."

मी तेव्हाच टेबलावर हात आपटायला हवा होता. नाही आपटला. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात, नवरा जहाजावर, मुलगी सेकंडरी थ्रीला, म्हणजे आपल्या नववीत. मी गप्प बसले आणि स्वतःची समजूत घातली की सहा वर्षांत गाव मला पुरेसं कळलं आहे. मॅनेजरच्या त्या वाक्याचा मला राग येतो, पण माझ्या या वाक्याचा त्याहून जास्त येतो.

फोन बंद होऊन दोनेक महिने झाले असतील. गुरुवार होता. दुपारी पहिल्या पानाची मुख्य बातमी आली. गावातल्या एक आजी गेल्या होत्या, तिथल्या मूळनिवासी समाजातल्या. त्यांनी शाळेतल्या मुलांच्या पिढ्यांना नदीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. पूर आला तेव्हा पाणी कुठे चढणार हे त्यांनी आधी सांगितलं होतं. दवाखान्यात आपल्या लोकांच्या बाजूने बोलायला त्याच उभ्या राहायच्या. बातमी सुरेख लिहिलेली, वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिच्यात आजींचं नावच नव्हतं. 'आपल्या गावातल्या एक ज्येष्ठ बाई' असं म्हटलेलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सोबत फोटो होता तो नुसत्या नदीचा, माणसांविना. टिपेच्या चौकटीत आधी जाहिरातीबद्दल काहीतरी होतं आणि मग, "कुटुंबाला शब्द दिला आहे की". चौकट तिथे संपली होती.

ती अर्धी ओळ मी वाचली. हे मी लपवणार नाही. संपादकबाईंचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. फोन केला असता तर मॅनेजरचा ओरडा बसला असता, बास. पण मला वाटलं, शब्द काय, पहिल्या पानावर घेऊ असाच दिला असणार.

आमच्या धंद्यात पहिलं पाप म्हणजे निधनवार्तेत नाव चुकणं. नावच नसणं तर मी कधी पाहिलं नव्हतं. सांगलीला लोक निधनवार्ता घेऊन यायचे तेव्हा कागदाला पासपोर्ट फोटो टाचलेला असायचा, आणि घरातलं कुणीतरी जाता जाता हमखास विचारायचं, "मॅडम, फोटो येईल ना?" दहाव्याच्या आत फोटो आला नाही तर आपलं माणूस बेवारशी गेलं असं त्यांना वाटायचं. आम्ही नाव छापतो, वय छापतो, पश्चात कोण कोण आहे ते छापतो, समोर बघणारा चेहरा छापतो. गेलेल्याचा मान आम्ही असाच राखतो, दुसरी रीत आम्हाला ठाऊक नाही.

तर मला वाटलं, संपादकबाई दमल्या, एकटीने सगळं ओढतात, घाईत नाव राहिलं. मी जुन्या अंकांत शोधलं. नाव सापडलं. एका शाळेच्या कार्यक्रमातला फोटोही सापडला, हसताना डोळे बारीक झालेले, मागे मुलांची रांग. मुलं कापली, चेहरा मोठा केला, तीन कॉलमांत बसवला. नदीचा फोटो काढून टाकला. नाव मथळ्यात घेतलं. एवढ्या दिवसांनी पहिल्या पानावर गावातलं खरंखुरं माणूस बसलं, ट्रामचा खोळंबा नाही, म्हणून मी आतून खूश होते. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे थांबून म्हणाला, "वा ताई, क्लास पान झालंय." साडेपाचला मी पान छपाईला सोडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट तर वेगळीच आहे. अशा बातम्यांच्या वर एक ओळ असते, या मजकुरात दिवंगत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं आहेत, मूळनिवासी वाचकांनी नोंद घ्यावी. सहा वर्षांत ही ओळ मी कितीतरी वेळा लावली. जागा कमी पडली की अक्षर बारीक करून बसवली. ती तिथे का असते, हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही. सिगरेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखी वाटायची, सगळे छापतात आणि कुणी वाचत नाही. त्या गुरुवारीही मी ती लावली होती.

शुक्रवारी सकाळी ऑफिसजवळच्या एक्स्पो स्टेशनवर उतरत होते तेव्हा माझ्या मोबाइलवर संपादकबाईंचा फोन आला. दोन महिन्यांनी आवाज ऐकणार म्हणून मला बरं वाटलं. मी विचारणारच होते, पान कसं झालंय?

"त्यांचं नाव कुणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि फोटो?"

"मीच. तुमच्या बातमीत राहिलं होतं, म्हणून..."

"राहिलं नव्हतं. मी ठेवलंच नव्हतं."

मग त्या बोलत राहिल्या आणि मी एस्केलेटरच्या बाजूला भिंतीला टेकून ऐकत राहिले. त्या कुटुंबात माणूस गेलं की घरचे सांगतील तोवर त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचा चेहरा दाखवायचा नाही. कुणाकडे हे काही महिने असतं, कुणाकडे काही वर्षं. किती दिवस ते घरच्यांनीच ठरवायचं, पेपराने नाही. संपादकबाई बुधवारी त्यांच्या घरी गेल्या होत्या. आजींच्या मुलीसमोर बसून त्यांनी शब्द दिला होता, नाव येणार नाही, फोटो येणार नाही. मुलीने विचारलं होतं, पानं तर आता परदेशात लागतात ना? त्यावर संपादकबाई म्हणाल्या होत्या, तिथे जी बसते ती माझ्या खात्रीची आहे.

सकाळी गठ्ठे पडल्या पडल्या त्या गाडी काढून दुकानादुकानांतून फिरल्या होत्या आणि होते तेवढे अंक उचलून डिकीत टाकले होते. पेट्रोलपंपावर पोचायला उशीर झाला. आजींची मुलगी शाळेच्या कँटीनमध्ये कामाला आहे. कामावर जाताना ती पंपावर थांबली, आणि काउंटरवर तिला आईचा चेहरा दिसला, एकावर एक रचलेला.

"छापलेलं मी गोळा करते," संपादकबाई म्हणाल्या. "तू वेबसाइटवरून तरी काढ."

मी पळत वर गेले. मॅनेजरला म्हटलं, "तो फोटो आत्ताच्या आत्ता खाली उतरव."

"मॅडम, वेबसाइट आपल्याकडे नाही. शहरातल्या टीमला रिक्वेस्ट टाकावी लागेल."

"फोन कर ना त्यांना!"

"फोन नाही चालत. रिक्वेस्टच."

रिक्वेस्ट टाकली. दुपारी तीनला उत्तर आलं. कायद्याचा भंग झालेला दिसत नाही, विधी विभाग तपासतो आहे, कुटुंबाची हरकत असल्यास त्यांनी तक्रारीचा फॉर्म भरावा. आणि शेवटी, जणू शाबासकी द्यावी तसं, ही बातमी चांगली वाचली जात असल्यामुळे शहरी दैनिकानेही ती आपल्या वेबसाइटवर वर घेतली आहे.

चांगली वाचली जाते आहे! त्या गावाची एक बातमी सहा वर्षांत या लोकांनी उचलली नव्हती. पूर आला तेव्हा नाही, दवाखान्यातला प्रसूती विभाग बंद झाला तेव्हा नाही. उचलली ती ही. मी इतक्या जोरात ओरडले की समोरची अख्खी रांग हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागली. शिव्या मराठीत होत्या, त्यामुळे कळल्या फक्त मॅनेजरला. त्याने उठून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान ही तरी म्हणेल, आई, तुला कुठे माहीत होतं. ती नूडल्स खाता खाता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, यू नेव्हर आस्क द फॅमिली? हाऊ कॅन लाइक दॅट?"

मी तिच्यावर खेकसले, उलटून बोलतेस म्हणाले, ताट सिंकमध्ये आपटलं. पंधरा वर्षांच्या पोरीला जे लगेच सुचलं ते मला सुचलं नव्हतं. राग त्याचा होता आणि निघाला तिच्यावर.

शनिवार-रविवार शहरात सुट्टी. दोन दिवस फोटो तसाच वर. सोमवारी एकदाचा काढला, पण तोवर भलत्याच कुठल्या कुठल्या साइटवाल्यांनी तो उचलला होता. वरातीमागून घोडं.

सोमवारी दुपारी मंगळवारच्या अंकासाठी दिलगिरी आली. शहरातल्या वकिलांनी ठरलेल्या साच्यातून काढलेली. मी वाचली आणि माझा विश्वास बसेना. शुक्रवारच्या अंकात यांचं नाव आणि छायाचित्र प्रसिद्ध झालं याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, असं वाक्य, आणि 'यांचं' याच्या आधी आजींचं संपूर्ण नाव. नाव छापल्याची माफी मागताना हे शहाणे पुन्हा नाव छापणार होते. वर सूचना होती, मजकूर मंजूर आहे, अक्षरही बदलू नये.

मी कागद घेऊन मॅनेजरकडे गेले. "हे वाचलंस का?"

"लीगलने पास केलंय, मॅडम."

"वाचलंस का, हे विचारतेय मी."

त्याने वाचलं. त्याला कळलं, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. मूर्ख नाही तो. तरी खाली बघत म्हणाला, "आपण फक्त पान लावायचं. आपला रोल तेवढाच आहे."

जागेवर येऊन मी नाव काढलं. त्या ठिकाणी संपादकबाईंचेच शब्द घातले, 'आपल्या गावातल्या एक ज्येष्ठ बाई', आणि पान सोडलं. यात शौर्य वगैरे काही नाही, चार दिवस उशिराने केलेलं माझं काम होतं ते.

बुधवारी मला लेखी ताकीद मिळाली. मंजूर मजकुरात परवानगीशिवाय फेरफार केल्याबद्दल. आता न्याय बघा. गुरुवारी मी परवानगीशिवाय नाव घातलं, फोटो घातला, दुसऱ्याच्या घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडलं, त्याबद्दल मला कुणी चकार शब्द बोललं नाही. तेव्हा तो फेरफार म्हणजे क्लास पान होतं. नाव काढलं तर ताकीद. पुन्हा असं घडल्यास पासच्या नूतनीकरणाचा फेरविचार करावा लागेल, हेही त्या पत्रात सभ्य इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी सही केली. पत्र फाडून तोंडावर फेकायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही रोज वाटतं.

त्यानंतरच्या शनिवारी संपादकबाईंचा फोन आला. मी घरी कपडे वाळत घालत होते. "त्यांची मुलगी माझ्याजवळ बसली आहे," त्या म्हणाल्या. "तिला तुझ्याशी बोलायचंय."

माफीची वाक्यं मी आठवडाभर मनात घोकली होती. पहिलं वाक्य अर्धं झालं तेवढ्यात आजींच्या मुलीने मला थांबवलं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तो फोटो आता कुठे कुठे आहे?" तिने विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. पण मी खरं सांगितलं. आमच्या दोन्ही साइटींवरून गेला आहे. दुसऱ्या चार ठिकाणी आहे, मी चौघांना लिहिलंय, एकानेच उत्तर दिलंय.

"किती दिवस राहील?"

"माहीत नाही."

"आईचे घरातले सगळे फोटो आम्ही गुंडाळून पेटीत ठेवलेत," ती म्हणाली. "पण माझ्या मुलांच्या फोनवर हा येतो. मी त्यांना फोन बंद ठेवायला सांगितलंय. किती दिवस सांगत राहू?"

मी म्हटलं, "मी रोज बघत जाईन. सगळीकडून निघाला की तुम्हाला कळवीन."

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन संपादकबाईंकडे दिला.

तेव्हापासून मी रोज बघते. ऑफिसात पोचले की पान उघडायच्या आधी शोधायच्या चौकटीत त्या आजींचं नाव टाइप करते, कारण त्याशिवाय फोटो गेला की आहे ते कळायला दुसरा मार्ग नाही. जे नाव त्यांच्या पोटच्या मुलीने अजून तोंडून काढलेलं नाही, ते मी, कुठली कोण, रोज सकाळी पूर्ण लिहिते आणि समोर येणारा चेहरा बघते. चौघांपैकी दोघांनी काढला. परवा एका नव्याच साइटने लावला. आज सकाळीही टाइप केलं. आहे.